नमुन्यांच्या खोलीतल्या कुप्या

साथीच्या दिवसांत, एका सोमवारी मला ताप आला. गुरुवारी दम लागू लागला. माझ्या मेहुण्यानं, हरेशनं, गाडी काढली आणि मला हॉस्पिटलात नेलं. माझ्या बायकोला, वैशालीला, दारात थांबवलं. तिनं माझ्या हातात पिशवी दिली. मी आत गेलो.

त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो ते मोजकेच दिवस, आणि तेही दोन वेगळ्या खोल्यांत.

हे मी आता, काही वर्षांनंतर, लिहितो आहे. मी नेरूळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलं, त्यामुळे स्वतः लिहायला बसलो की हात अडतो. रोज एखादा परिच्छेद होतो, कधी तोही नाही. पण आमच्या सोसायटीतल्या एका तरुण बाईंनी परवा जिन्यात मला गाठलं. त्यांच्या नवऱ्याला वेगळाच आजार आहे, डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलंय आणि ते कुठे मिळत नाही. "काका, तुम्ही त्या वेळी काय केलंत?" असं त्यांनी विचारलं. जिन्यात उभं राहून मला ते सांगता आलं नाही. म्हणून हे.

पालथं झोपणं

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाते ती माणसांचे चेहरे. सगळे नखशिखान्त पांढऱ्या झग्यांत. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनं झग्यावर छातीपाशी मार्करनं आपलं नाव लिहिलं होतं, मोनिका, आणि बाजूला एक हसरं तोंड काढलं होतं. घामानं ते दुपारपर्यंत फिसकटायचं. त्या दिवसांत माझ्याकडे बघून हसलेलं तेवढं एकच तोंड.

मला पालथं झोपायला सांगितलं. पालथं झोपल्यावर फुफ्फुसांना हवा जास्त मिळते. माणसाला दिसतं मात्र फक्त उशीचं कापड आणि पलंगाची कड. वैशालीनं पिशवीत एक पुस्तक घातलं होतं. उताणा असताना ते उघडून छातीवर ठेवलं, तर त्याचंही वजन झालं. बाजूला ठेवलं. ज्या माणसानं एकटं असताना कायम पुस्तकाचा आधार घेतला, त्याच्याकडून तोही गेला की एकटेपणा काय असतो ते कळतं. ते नुसतं पडून राहणं असतं. आपला श्वास ऐकायचा आणि पुढचा येतो का याची वाट बघायची.

शेजारच्या पलंगावर दिघ्याचा शिंदे म्हणून एक रिक्षावाला होता. बोटाला लावून प्राणवायू मोजायच्या यंत्राला तो मीटर म्हणायचा.

"सर, मीटर किती पडला?"

"एक्क्याण्णव."

"कमी पडला. परत झटका मारा. माझ्या रिक्षाचा पण असाच अडकतो."

बोलायला दम लागायचा, तरी मी उत्तर द्यायचो. शिंदेला ते माहीत होतं आणि तो एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. ज्यांचं माणूस वॉर्डात असेल त्यांना एवढं सांगतो: आत कुणीतरी असा एक प्रश्न विचारणारा निघतोच. तो चार्जरही देतो.

चिठ्ठी

डॉक्टर तरुण होते. त्यांचे फक्त डोळे दिसायचे आणि ते झोप न झालेले होते. ते म्हणाले, "काका, एक इंजेक्शन लिहून देतोय. आमच्याकडे स्टॉक नाही. घरच्यांना बघायला सांगा."

त्या दिवसांत ही रीतच झाली होती. डॉक्टर लिहायचे आणि नातेवाईक शोधत फिरायचे. औषध शोधणं हा आजाऱ्याच्या घरच्यांचा धंदा झाला होता. चिठ्ठीचा फोटो मी वैशालीला पाठवला. तिचं उत्तर आलं नाही, एवढंच दिसलं की तिनं तो पाहिला आहे.

ती का गप्प होती हे मला लगेच समजलं. चिठ्ठीवरचं ते नाव आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर कितीदा तरी घेतलं गेलं होतं.

वैशाली पावणे इथल्या एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून काही साधायचं नाही. तिच्याकडे नमुन्यांची खोली होती. औषधाची प्रत्येक खेप कारखान्याबाहेर जाते तेव्हा तिच्यातल्या थोड्या कुप्या मागे ठेवतात. उद्या कुठून तक्रार आली की या औषधानं अपाय झाला, तर त्या कुप्या उघडून तपासायच्या. तोवर त्यांना हात लावायचा नाही. थंड कपाटं, कुलूप, आणि किल्ली वैशालीकडे. आमच्यातला जुना विनोद होता. ती म्हणायची, "तुमच्या लायब्ररीतली पुस्तकं लोक वाचोत न वाचोत, नेतात तरी. माझ्या लायब्ररीतलं कुणी काही नेऊ नये, हेच माझं काम."

डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन तिच्या कंपनीत तयार व्हायचं. पण ते सगळं परदेशी जायचं. त्या महिन्यात निर्यात बंद झाली होती, आणि बाहेरचं लेबल लावलेला माल इथे विकायची परवानगी अजून यायची होती. खोकी गोदामात होती, आणि गोदामाबाहेरच्या रस्त्यानं ॲम्ब्युलन्स जात होत्या. वैशाली दोन्ही बघत होती. मला घरी असताना एकदा म्हणाली होती, "कागद कुठे अडलाय ते कुणालाच माहीत नाही. सगळे म्हणतात, वर."

हरेशचं म्हणणं

वैशाली खाडीकाठच्या आगरी घरातली. ती कंपनी जिथे उभी आहे तिथे तिच्या आजोबांची भातखाचरं होती. जमीन सरकारनं घेतली, तिथे कारखाने आले, आणि जमीन गेलेल्यांच्या मुलांना नोकऱ्या द्यायच्या म्हणून शिकलेल्या वैशालीला तिथे घेतलं. तिचा धाकटा भाऊ हरेश वाळू-विटांचा धंदा करतो. नमुन्यांची खोली बरोबर आपल्या खळ्याच्या जागेवर आहे असं तो छातीठोक सांगतो. खरं की काय, कोण जाणे. खुणेचं झाडही उरलेलं नाही.

चिठ्ठी आली त्या दिवशी हरेश तिला मोटारसायकलवर घेऊन वाशीपासून पनवेलपर्यंत दुकानं फिरला. रांगा होत्या. कुठे "उद्या या", कुठे "कलेक्टर ऑफिसात जा". मग तो आमच्या घरी येऊन बसला. पुढचं बोलणं त्यानं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथेच होतो असं वाटतं.

"बाय, मना एक सांग. ती कंपनी कोनाचे जागेवं हाय?"

"कंपनीच्या. बाबांनी पैसे घेतले."

"घेतलं. पन खलं कोनाचं होतं? तिथं आपला आजा भात झोडायचा. आन आज आपला मानूस आत पडलाय नं तू तिथं कुलूप राखत बसलीस?"

"कुलूप राखायचाच पगार घेते मी."

"मंग राख. भावोजी गेलं म्हंजे त्या कुलपालाच हार घाल."

हे शेवटचं वाक्य बोलल्याचं त्याला अजून लागतं. मी त्याला सांगतो की तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. घेतलं होतं की नाही, मला माहीत नाही.

तिनं त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाली, "हरेश, या इंजेक्शनानं माणूस वाचतोच असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. लोक वेड्यासारखे धावतायत."

"मंग डाक्टर लिवतो कशाला?"

तिनं फोनवरचा चिठ्ठीचा फोटो पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाली, "तेच. लिहून दिल्यावर बसून कसं राहायचं?"

ती उठली आणि कपडे बदलून आली.

किंमत

कंपनीत जाऊन तिनं खोली उघडली. लपूनछपून नाही. तिची ड्यूटी नव्हती, पण किल्ली तिचीच होती आणि वॉचमन तिला वीस वर्षं ओळखत होता. माझ्या औषधाला लागतील तेवढ्या कुप्या तिनं काढल्या, बर्फाच्या डब्यात ठेवल्या, कपाट लावलं. सबंध नोकरीत तिनं तिथून काही काढलं ते फक्त त्या दिवशी.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर औषधांचं दुकान आहे. बाहेरून आणलेलं औषधही तिथे दाखवूनच वर पाठवायचं. काउंटरवरच्या माणसानं एक कुपी हातात घेतली, फिरवून बघितली, दुसरी घेतली.

"मॅडम, यावर एमआरपी नाहीये."

हरेश सांगतो की वैशालीचा चेहरा एकदम पडला. ते लेबल ती रोज बघत होती. परदेशी जाणाऱ्या मालावर इथली छापील किंमत नसते, आणि नमुना म्हणून जो ठेवतात तो विकायचा माल असतो तसाच, त्याच लेबलानिशी. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि तिच्या डोक्यातून तेवढंच निसटलं होतं.

"एक्स्पोर्टचा माल आहे," ती म्हणाली. "औषध तेच आहे. मी तिथेच काम करते. हे माझं आयकार्ड."

"तेच असेल हो. पण मी एन्ट्री कशी करू? सिस्टिम एमआरपीशिवाय पुढेच जात नाही."

"एन्ट्री करू नका. बिल करू नका. नुसतं वर पाठवा."

"फुकटचं औषध पेशंटला लावलं आणि उद्या काही झालं तर? बाहेर किती डुप्लिकेट फिरतंय बघताय ना? कालच एकानं मिठाचं पाणी आणलं होतं."

हरेश मध्ये पडला. "अरे भावा, पेन दे. मी लिवतो किंमत. बोल किती लिवू? तू बोलशील ती!"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. काउंटरवरचा माणूस हसला नाही. त्यानं कुप्या एकेक करून परत डब्यात ठेवल्या. हरेशच्या म्हणण्याप्रमाणे अगदी जपून ठेवल्या. "ताई, माझी पण नोकरी आहे," एवढं म्हणाला.

बाहेर येऊन हरेशनं हॉस्पिटलच्या भिंतीला, सरकारला, कंपनीला आणि त्या माणसाच्या आईबापांना एका दमात शिव्या घातल्या. वैशाली मोटारसायकलपाशी डबा धरून उभी होती. मग तिनं मला व्हिडिओ कॉल केला. मी पालथा होतो, फोन उशीला टेकवून ठेवला होता. तिनं सगळं सांगितलं. दोन वाक्यांत, ऑफिसातल्यासारखं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काही नाही. तुम्ही पालथे झोपा."

"त्या माणसानं असं करायला नको होतं."

तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. "नाही हो. मी त्याच्या जागी असते तर मीही परत केलं असतं."

तिच्या इतक्या वर्षांच्या सहवासात मी तिचं यापेक्षा खरं वाक्य ऐकलेलं नाही. ते बोलताना ती रडत होती.

नंतर मी यावर पुष्कळ विचार केला. पडून राहिलेल्या माणसाला तेवढंच काम असतं. औषध म्हणजे कुपीतलं द्रव, अशी माझी समजूत होती. पण द्रव तर होतं, माझ्यापासून तीन मजले खाली होतं. त्याच्यावर किंमत छापलेली नव्हती म्हणून ते वर येऊ शकलं नाही. कुणी वाईट माणूस त्यात मला दिसत नाही. काउंटरवरचा माणूस बनावट औषधाला घाबरत होता आणि त्याचं बरोबर होतं. बनावट औषध का निघालं, कारण खरं मिळत नव्हतं. खरं का मिळत नव्हतं, कारण ते खोक्यांत परवानगीची वाट बघत होतं. परवानगी येईपर्यंत ते कुणी फुकट सोडणार नव्हतं. प्रत्येक माणूस आपापल्या खुर्चीवर बरोबर होता, आणि आम्ही वॉर्डात पालथे पडून होतो.

बरा होणं

मी त्या इंजेक्शनाशिवाय बरा झालो. प्राणवायू, नेहमीच्या स्वस्त गोळ्या, पालथं झोपणं आणि सिस्टर मोनिका. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, "काका, तुम्ही नशीबवान." त्यांना आनंद झाला होता असं डोळ्यांवरून वाटलं.

शिंदे माझ्याआधी घरी गेला. जाताना व्हीलचेअरवरून, परतीचं अर्धं भाडं मागणाऱ्या रिक्षावाल्याच्या थाटात, ओरडला, "सर, हाफ रिटर्न लागणार तुम्हाला, सांगून ठेवतो!"

ज्यांना असं घरी सोडतात त्यांना सांगायचं आहे की घरी आल्यावर भीती जात नाही, वाढते. वॉर्डात कुणीतरी आकडा बघत असतं. घरी आपणच आपला आकडा बघतो. संडासात जाऊन आलं तरी धाप लागते. आपण बरे झालो हे आपल्याला पटायला फार दिवस लागतात. आणि मला ते पटायला कुणी जवळ राहिलं नाही.

वैशालीनं मला आतली खोली दिली होती, ती बाहेर. जेवणाचं ताट दाराशी ठेवून मागे सरायची, मास्क लावून. दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी दूध घ्यायला हळूहळू फ्रीजपर्यंत गेलो. इडलीच्या पिठाच्या भांड्यामागे स्टीलचा डबा होता. त्यात कुप्या होत्या.

ती उठल्यावर मी दारातूनच विचारलं, "या परत का नाही ठेवल्यास?"

"बाहेर गेलेला नमुना परत ठेवता येत नाही. तुमचं पुस्तक कुणी नेऊन आणलं तर तुम्ही पुन्हा कपाटात लावता. माझं तसं नाही. तो एकदा बाहेर गेला की तो नमुना राहत नाही."

"मग टाकून दे."

"टाकायचाही नाही." ती जरा हसली. "मुदत संपल्यावर आणखी एक वर्ष ठेवायचा. मग नष्ट करायचा. दोघांच्या सह्या लागतात, एकट्याला करता येत नाही."

"पण तो नमुना राहिला नाही म्हणतेस ना?"

"हो. पण औषध तर आहे. बेवारस कसं सोडायचं?"

तिनं कंपनीत आपण होऊन सांगितलं होतं. घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या साहेबांना, नायर साहेबांना, फोन केला होता. त्यांनी म्हणे फोनवर डोक्याला हात लावला. "वैशाली मॅडम, तुम्ही मला बोलायचं होतं ना पहिले. आता मला एक्स्प्लनेशन मागावं लागणार." ती म्हणाली, "मागा सर. मी असते तर मीही मागितलं असतं." खुलासा ती लिहीत होती. बाहेरच्या खोलीतून कीबोर्डचा आवाज यायचा. मी आत पडून तो ऐकायचो. आमच्या दोघांमध्ये एक दार होतं आणि त्यातून येणारा तेवढाच आवाज.

एका सकाळी आवाज आला नाही.

तिचं

तिला ताप होता. रांगांत उभी राहिली होती, कितीतरी दुकानांत, कितीतरी माणसांत. हरेश तिला घेऊन गेला. माझ्या हॉस्पिटलात जागा नव्हती, दुसऱ्या ठिकाणी मिळाली. मला जिना उतरता येत नव्हता. मी गॅलरीत उभा राहिलो. तिनं गाडीत बसताना वर बघितलं आणि हातानं खूण केली: आत जा, बसा.

तिच्यापर्यंत तेच इंजेक्शन पोचलं. तोवर परवानग्या आल्या होत्या, लेबलं बदलली होती, माल सुटला होता. डॉक्टरांनी लिहिलं आणि दुकानानं लगेच वर पाठवलं. हरेशला कुठे फिरावं लागलं नाही. "घरात हाय ती नको काय आनू?" असं त्यानं विचारलं होतं, तेव्हा तिथली सिस्टर म्हणाली, "गरज नाही दादा, भरपूर आलंय."

पहिल्या दिवशी तिनं मला व्हिडिओ कॉल केला. तोंडावर मास्क होता, प्राणवायूचा. तिनं सिस्टरकडून रिकामी कुपी मागून घेतली होती. ती कॅमेऱ्यासमोर धरली.

"बघा. एमआरपी आहे."

"तुमचंच आहे का?"

"नाही, दुसऱ्या कंपनीचं." कुपी फिरवून तिनं लेबल वाचलं. "प्रिंटिंग चांगलं आहे पण."

मला हसू आलं आणि हसताना खोकला आला. ती म्हणाली, "पालथे झोपा." मी म्हटलं, "तू झोप." आमचं नीट झालेलं शेवटचं बोलणं हे.

सगळे डोस पूर्ण झाले. त्यानंतर ती गेली. हरेश एकटा त्या झग्यात तिच्याबरोबर गेला. मला नेता आलं नाही. माझ्या बोटाला यंत्र होतं, नाकात घरी आणलेल्या प्राणवायूची नळी होती, आणि समोर तिची खुर्ची होती. मी यंत्रावरचा आकडा बघत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं हे कळत नव्हतं.

नंतर

तेराव्यानंतर नायर साहेबांचा फोन आला. भला माणूस. म्हणाले, "सर, ती फाइल मी क्लोज केली. मॅडमचं नाव कुठे येणार नाही. सगळे ड्यूज क्लिअर होतील." मग म्हणाले, "सर, एक रिक्वेस्ट. ते व्हायल घरी असतील ना? डिस्ट्रॉय करून टाका प्लीज. बाहेर कुठे सापडले तर प्रॉब्लेम होईल."

मी बघतो म्हटलं.

त्या वर्षी कंपनीनं शेजारचा प्लॉट घेऊन नवी शेड बांधली. पेपरात पानभर जाहिरात आली, झग्यातली माणसं आणि खाली देशसेवेचं वाक्य. हरेशनं ती माझ्यासमोर धरली. "बघा भावोजी. आपल्याच खल्यावं देशसेवा चाललीय."

मी जाहिरातीची घडी करून ठेवली. मला त्या कंपनीचा राग आहे का, असं लोक विचारतात. उत्तर सरळ नाही. तिच्या पगारातून हे घर झालं. ज्या गोळ्यांनी मी उठलो त्याही कुठल्यातरी कारखान्यातूनच आल्या, आणि त्या तपासणारी वैशालीसारखी एखादी बाई तिथेही असणार. राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. साथ आली तेव्हा औषध किती लागेल हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तरी ते कुणाला आधी मिळेल हे बाजारावर सोडलं. बाजाराला फक्त लेबल वाचता येतं. टंचाई होती तेव्हा त्या इंजेक्शनासाठी लोकांनी दागिने मोडले. पुढे त्याच्याबद्दलची मतं बदलली, त्यानं सगळ्यांचा जीव वाचतो असं नाही हे डॉक्टरही सांगू लागले, आणि दुकानांतून ते पडून राहिलं. वैशालीला हे आधीच ठाऊक होतं. तरी ती खोली उघडायला गेली. त्या एका दुपारी तिनं जे केलं त्याचा उपयोग झाला नाही, पण ते तिनं माझ्यासाठी केलं, तेवढंच मला माझ्या वाट्याचं म्हणून मिळालं.

जिन्यातल्या त्या बाईंना मी एवढंच सांगेन. शोधा, पण एकट्या शोधू नका. आणलेल्या कुपीचं लेबल दुकानात दाखवून खात्री करून घ्या. डॉक्टरांना विचारा की हे मिळालंच नाही तर काय. बहुतेक वेळा त्यांच्याकडे उत्तर असतं, घाईत ते सांगायचं राहून जातं. रांगेत मास्क नाकावर ठेवा. आणि घरी येऊन नवऱ्याजवळ बसता येत असेल तर बसा. आम्हाला ते जमलं नाही.

हरेश दर रविवारी मासळी घेऊन येतो. एकदा फ्रीज उघडून त्यानं तो डबा पाहिला.

"भावोजी, ही अजून हाय? खारीत टाकून येऊ?"

"औषध पाण्यात टाकायचं नसतं."

"मंग काय करनार?"

"सह्या लागतात."

"मी करतो ना सही!"

"तुझी चालत नाही," मी म्हटलं. तो मासळी साफ करायला बसला.

माझी फुफ्फुसं पूर्वीसारखी झालेली नाहीत. एक जिना चढलो की थांबावं लागतं. पुस्तकं पुन्हा वाचू लागलो आहे. नमुन्यांची खोली आता दुसऱ्या बाईंकडे आहे. कुप्यांवरची मुदत संपली, आणि तिच्या नियमातलं वरचं एक वर्षही संपलं. माझी सही मी करू शकतो. दुसरी सही करणारं घरात कुणी नाही. कुप्या फ्रीजमध्ये आहेत.